वसंतराव नाईक : ११ वर्षांचे मुख्यमंत्रिपद ही कर्तबगारी की राजकीय सोय?

पूसकाठ

दरवर्षी १ जुलैला कृषिदिन साजरा होतो, वसंतराव नाईकांच्या प्रतिमेला हार घातले जातात आणि "हरितक्रांतीचे प्रणेते" हे बिरुद पुन्हा एकदा उच्चारले जाते. मी पुसदचा आहे, त्यामुळे लहानपणापासून हे ऐकतच मोठा झालो. मात्र त्यांच्या कारकिर्दीचे शांतपणे केलेले मूल्यमापन मला फारसे कुठे वाचायला मिळाले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

थोडक्यात पार्श्वभूमी अशी. जन्म १ जुलै १९१३, पुसद तालुक्यातील गहुली येथे, बंजारा समाजात. नागपुरात शिक्षण, पुसदला वकिली, तेथील नगराध्यक्षपद, १९५२ साली तेव्हाच्या मध्य प्रदेशाच्या विधानसभेत आमदार आणि रविशंकर शुक्लांच्या मंत्रिमंडळात उपमंत्री. विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आल्यावर सहकार आणि कृषी ही खाती, महाराष्ट्र झाल्यावर महसूल. नोव्हेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार पदावर असतानाच निवर्तले आणि ५ डिसेंबर १९६३ रोजी नाईक मुख्यमंत्री झाले. ते २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत त्या पदावर होते. इतका सलग काळ या राज्यात आजवर कोणालाही मिळालेला नाही.

माझा प्रश्न असा आहे : हा दीर्घ काळ त्यांना कर्तृत्वामुळे मिळाला, की ते छोट्या समाजातले, त्यांच्यापासून कोणालाच धोका वाटत नव्हता म्हणून मिळाला? आणि या ११ वर्षांतले आज नेमके काय शिल्लक आहे?

जिरायती

धाग्याबद्दल आभार. प्रश्नाच्या पहिल्या भागाबद्दल माझे मत स्पष्ट आहे : निवड सोयीची होती, टिकणे मात्र कर्तबगारीचे होते.

१९६२ साली यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, पण राज्यातील पक्षावरचा त्यांचा हात सुटला नाही. पश्चिम महाराष्ट्रात बाळासाहेब देसाई, वसंतदादा पाटील यांच्यासारखी वजनदार माणसे होती. त्यांपैकी एकाला पुढे केले असते तर बाकीचे दुखावले असते. शिवाय विदर्भाला राज्यात सांभाळून घेण्याची जबाबदारी होती, कारण १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा धुव्वा उडाला तेव्हा तिला तारणाऱ्यांमध्ये विदर्भ होता. कन्नमवार विदर्भाचे आणि त्यांच्यानंतर आलेले नाईकही विदर्भाचे, हा योगायोग नव्हता.

पण १९६७ ला २७० पैकी २०३ आणि १९७२ ला २२२ जागा मिळतात तेव्हा केवळ सोय म्हणून भागत नाही. १९६७ साली उत्तरेत एकेक राज्य काँग्रेसच्या हातून निसटत होते आणि १९६९ साली तर पक्षच फुटला. त्या वादळात हे राज्य हलले नाही, याचे श्रेय सगळेच्या सगळे चव्हाणांना देणे मला पटत नाही.

शब्दवेल्हाळ

जिरायती यांच्याशी सहमत. एक भर घालते. मुख्यमंत्री होण्याआधीचे नाईकांचे सर्वांत मोठे काम आपण विसरतो. १९६० साली महसूलमंत्री असताना त्यांच्या अध्यक्षतेखाली लोकशाही विकेंद्रीकरण समिती नेमली गेली आणि पुढच्याच वर्षी तिचा अहवाल आला. देशपातळीवरील बलवंतराय मेहता समितीने तालुका किंवा गट पातळीवर भर दिला होता, नाईक समितीने मात्र जिल्हा परिषदेला बळ दिले आणि जिल्हाधिकाऱ्यांना तिच्या बाहेर ठेवले. म्हणजे शाळा, दवाखाने, ग्रामीण रस्ते यांचा कारभार निवडून आलेल्या माणसांकडे गेला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. आपल्यातील अनेक जण ज्या शाळेत शिकले ती "झेडपीची शाळा" त्या अहवालातून आली आहे.

माहीमची खाडी

सर्वांचे प्रतिसाद आदराने वाचले, पण मुंबईच्या बाजूनेही कोणीतरी बोलले पाहिजे.

गिरणगावात वाढलेल्या माझ्या पिढीला नाईकांचा काळ वेगळ्या कारणासाठी आठवतो. १९६६ साली शिवसेना स्थापन झाली आणि लोक तिला "वसंतसेना" म्हणू लागले. डाव्या कामगार संघटनांना शह देण्यासाठी सरकारने या नव्या संघटनेकडे काणाडोळा केला, हा तेव्हाचा उघड आरोप होता. जून १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांची हत्या झाली आणि पोटनिवडणुकीत शिवसेनेचा पहिला आमदार निवडून आला. माझे वडील गिरणीत साचेवाले होते. हत्येच्या रात्री चाळीत कोणीही दिवा लावला नव्हता, असे ते नेहमी सांगत. जे सरकार मुंबईच्या कामगाराला असे वाऱ्यावर सोडते, त्याच्या प्रमुखाला मी मोठा मुख्यमंत्री म्हणू शकत नाही.

बॅकबे भरावाच्या भूखंडांचाही विषय आहे. समुद्र हटवून मिळवलेली जमीन पडत्या भावात दिल्याचा आरोप झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. त्याच काळात वाढत्या महागाईविरुद्ध मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने लाटणी घेऊन बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. माझी आई त्या मोर्चात होती.

पूसकाठ

@माहीमची खाडी, ही बाजू मांडल्याबद्दल मनापासून आभार. आमच्याकडे हा भाग कधीच सांगितला जात नाही.

जिरायती

@माहीमची खाडी, आपल्या वडिलांचा अनुभव नाकारण्याचा प्रश्नच नाही. मात्र एक नोंद हवी. फेब्रुवारी १९६९ मध्ये सीमाप्रश्नावरून मुंबईत दंगल उसळली तेव्हा बाळ ठाकरे यांना प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली अटक करून येरवड्याला ठेवले गेले, आणि ती कारवाई नाईकांच्याच सरकारने केली. मैत्रीचा आरोप पूर्ण खरा मानला तरी ही घटना त्यात बसवावी लागेल.

माहीमची खाडी

ती अटक मला ठाऊक आहे आणि मी ती नाकारत नाही. पण तीन वर्षे वाढू दिल्यानंतर एकदा बडगा उगारणे आणि सुरुवातीपासून कायद्याने वागणे यांत अंतर आहे. माझा आक्षेप त्या तीन वर्षांबद्दल आहे.

मांजराकाठची

मी लातूर भागातली, निवृत्त शिक्षिका. राजकारणातले मला फारसे कळत नाही, पण १९७२ मी डोळ्यांनी पाहिले आहे, तेवढेच लिहिते.

मी तेव्हा ११ वर्षांची होते. विहिरीच्या तळाला उतरून वाटीने पाणी भरावे लागे. जनावरे आधी गेली, मग ज्यांना शक्य होते ती माणसे मुंबई-पुण्याकडे गेली. आमच्या गावच्या ओढ्यावर पाझर तलावाचे काम निघाले. आई मातीकामाला जाई, मी आणि धाकटा भाऊ खडीच्या ढिगाजवळ बसून असू. ज्या बायांनी आयुष्यात कधी दुसऱ्याच्या बांधावर पाऊल ठेवले नव्हते त्या पाटलाच्या घरच्या बायाही डोक्यावर पदर ओढून पाट्या उचलत होत्या. चौकडी (मजुरी ठरवण्यासाठी मोजायचा खोदलेला खड्डा) मोजायला माणूस आला की सगळ्यांचा जीव वर-खाली होई. दुपारी सुकडी (पौष्टिक पिठाचा कोरडा खाऊ) मिळे. रेशनवर लाल मिलो (परदेशातून आलेली ज्वारी) मिळायचा, त्याची भाकरी थापताना तुटायची आणि घशाखाली उतरत नसे, पण तिच्यावर आम्ही जगलो.

आमच्या कामावरच्या हजेरी लिहिणाऱ्याने आईचे सहा दिवस खाल्ले होते. आईने ते शेवटपर्यंत विसरले नाही. परंतु तिनेच असेही सांगितले की तिच्या आजीच्या तोंडून ऐकलेल्या दुष्काळात माणसे वाटेवर पडून मेली होती आणि या दुष्काळात आमच्या गावात उपासमारीने कोणी मेले नाही. मुख्यमंत्री कोण होता हे तिला त्या वेळी ठाऊक होते का, मला शंका आहे. काम मिळत होते, हे मात्र तिला ठाऊक होते.

शब्दवेल्हाळ

मांजराकाठच्या ताई, आपला प्रतिसाद वाचून काही वेळ लिहिता आले नाही.

आपण पाहिलेल्या कामांची व्याप्ती केवढी होती हे सांगते. मे १९७३ मध्ये राज्यभरातील दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख मजूर होते. मागेल त्याला काम, म्हणजेच रोजगार हमी, ही कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची, आणि तिचा पहिला प्रयोग त्यांनी १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात केला होता. नाईक सरकारने १९७२ मध्ये ती योजना म्हणून स्वीकारली, तोच दुष्काळाने तिला सर्वांत कठीण परीक्षेला बसवले. १९७५ साली तिच्या खर्चासाठी व्यवसायकर आला. याचा अर्थ असा की शहरातल्या पगारदाराच्या खिशातून खेड्यातल्या मजुराच्या कामाचा पैसा येऊ लागला. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून, आणि २००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी कायदा केला तेव्हा त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

श्रेय पाग्यांचे की नाईकांचे, हा वाद मला निरर्थक वाटतो. दुसऱ्याची चांगली कल्पना ओळखून तिच्यामागे सरकारची सगळी यंत्रणा उभी करणे हेच मुख्यमंत्र्याचे काम असते.

बोंडअळी

अकोल्याहून लिहितो. विदर्भाचा माणूस ११ वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री होता, मग विदर्भाच्या विकासाचा अनुशेष कसा साचला, याचे उत्तर या धाग्यावर कोणी दिलेले नाही.

कृषी विद्यापीठाचेच घ्या. पहिले विद्यापीठ राहुरीला निघाले, १९६८ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी अकोल्यात मोठे आंदोलन झाले, गोळीबार झाला, माणसे गेली, आणि त्यानंतर १९६९ साली अकोल्याला पंजाबराव देशमुखांच्या नावाचे विद्यापीठ मिळाले. आमच्याच माणसाच्या राज्यात आम्हाला हे रक्त सांडून मिळवावे लागले. १९७२ साली परभणी आणि दापोलीलाही विद्यापीठे झाली, हे चांगलेच झाले. चार हवामानांना चार विद्यापीठे हवीत, हा विचार योग्य होता. पण अकोल्याची जखम या भागात अजून बोलून दाखवली जाते.

कापूस एकाधिकार खरेदीबद्दल (शेतकऱ्यांचा कापूस फक्त सरकारने विकत घ्यायचा, त्या योजनेबद्दल) मात्र मी नाईकांच्या बाजूने उभा राहीन. १९७२ साली योजना सुरू झाली तेव्हा माझे आजोबा पहिल्यांदा अडत्याच्या पेढीवर न जाता सरकारी केंद्रावर गाडी घेऊन गेले. हमीभाव मिळेल आणि पुढे नफा झाला तर त्यातलाही वाटा मिळेल, ही गोष्ट कोरडवाहू कापसाच्या शेतकऱ्याने त्याआधी ऐकलीच नव्हती. नंतरच्या दशकांत योजना तोट्यात रुतली, चुकारे रखडले, प्रतवारीत लबाडी झाली, हे सगळे आम्ही सोसले आहे. तरीही त्या पहिल्या हंगामाबद्दल बोलताना आजोबांचा आवाज बदलायचा.

दाणेभरणी

मी ज्वारीच्या संशोधनात नोकरी केली आहे, म्हणून "हरितक्रांतीचे प्रणेते" या बिरुदाबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

सीएसएच-१ हा देशातील पहिला संकरित ज्वारीचा वाण १९६४ साली प्रसारित झाला, म्हणजे नाईक मुख्यमंत्री झाल्यानंतर लगेच. १९६५ साली शनिवारवाड्यावरील सभेत, दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर मला फाशी द्या, अशा अर्थाची जी घोषणा त्यांनी केल्याचे सांगितले जाते, तिच्यामागे या बियाण्याचा भरवसा होता. खरिपात पीक १०० दिवसांच्या आसपास हाती येई आणि उतारा गावठी ज्वारीच्या कितीतरी पुढे जाई.

अडचणीही तितक्याच खऱ्या होत्या. ताट बुटके, त्यामुळे कडबा कमी. ज्याच्या दावणीला बैल आहेत तो शेतकरी फक्त दाणा पाहत नाही. पीक लवकर तयार होई आणि पाऊस संपलेला नसे, म्हणून कणसावर बुरशी येऊन दाणा काळा पडे. पेरणीला उशीर झाला की खोडमाशी फडशा पाडी. भाकरीला चव नाही, हे तर घराघरांत ऐकू येई. रब्बीत, म्हणजे सोलापूर, नगर, बीड, उस्मानाबाद या खऱ्या ज्वारीच्या पट्ट्यात, संकरित वाण जवळजवळ शिरलाच नाही. तिथे मोहोळची मालदांडीच राहिली आणि आजही आहे. म्हणून पंजाबात गव्हाने जे केले ते आपल्याकडे ज्वारीने केले असे मी म्हणणार नाही. दोन वर्षांतली स्वयंपूर्णता तर आलीच नाही, नाहीतर १९७२ ला मिलो खावा लागला नसता.

मग नाईकांचे श्रेय कशात? मला ते असे दिसते की संशोधन केंद्रावरचा प्रयोग आणि शेतकऱ्याचा बांध यांच्यामधले अंतर त्यांनी स्वतःच्या अधिकाराने कमी केले. ते स्वतः शेती जाणत होते. माझ्या वरिष्ठांच्या बोलण्यात नेहमी येई की मुख्यमंत्र्यांसमोर आकडे घेऊन जाताना तयारी करून जावे लागे, कारण ते बियाण्याचा दर एकरी किती धरला आहे इथपासून विचारत. ज्वारीत यश अर्धे आले, पण जिल्ह्याजिल्ह्यांत बियाणे गुणन, कृषी विस्तार आणि चार विद्यापीठे ही घडी तेव्हा बसली. नंतरचे तूर, सोयाबीन, कापूस यांचे काम तिच्यावरच झाले.

गोदावरी_डावा_कालवा

दाणेभरणी यांचा प्रतिसाद या धाग्याचे सार्थक करणारा आहे. मी पाण्याबद्दल लिहितो.

जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, धरण मात्र पूर्ण व्हायला १९७६ उजाडले. म्हणजे नाईकांची जवळपास सगळी कारकीर्द मराठवाड्याने वाट पाहण्यात घालवली. त्याच काळात पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने उभे राहत होते आणि उपलब्ध पाणी उसाकडे वळत होते. ज्वारीवाल्याला बियाणे मिळाले, पाणी ऊसवाल्याला मिळाले. १९७४ साली मराठवाड्यात विद्यार्थ्यांनी विकास आंदोलन उभारले आणि पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामातले नेते गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखा माणूस त्यात उतरला, तो असाच नव्हे. पुढच्या फेब्रुवारीत नाईक गेले आणि नांदेडचे शंकरराव चव्हाण आले. दिल्लीची मर्जी फिरली हे कारण आहेच, पण मराठवाड्याचा रोष हेही कारण होते, असे माझे ठाम मत आहे.

येथे जिरायती यांच्या पहिल्या प्रतिसादाकडे परत जातो. ज्यांच्यामुळे नाईकांना पद मिळाले त्या पश्चिम महाराष्ट्रातील गटांना ते पाण्याच्या प्रश्नावर कधी दुखावू शकले नाहीत. सोयीने आलेल्या माणसाची मर्यादा ती हीच.

जिरायती

@गोदावरी_डावा_कालवा, हा मुद्दा मला मान्य करावाच लागेल. फक्त एक दुरुस्ती सुचवतो. कमाल जमीनधारणा कायदा नाईक महसूलमंत्री असतानाच आला आणि त्यात खासगी साखर कारखान्यांच्या हजारो एकर जमिनी सरकारकडे आल्या. त्यांच्यासाठी १९६३ साली शेती महामंडळ निघाले. बड्या भांडवलाला हात लावण्याचे धैर्य त्यांच्याकडे होते. सहकारातल्या स्वकीयांना हात लावण्याचे नव्हते, असे म्हणणे अधिक नेमके होईल.

लेंगी

मी बंजारा आहे. आमच्या समाजाच्या दृष्टीने काही सांगावेसे वाटते, कारण वरच्या सगळ्या चर्चेत "छोट्या समाजाचा म्हणून निरुपद्रवी" हा सूर आला आहे आणि तो मला टोचला.

इंग्रजांच्या काळात मालवाहतूक गेली आणि लदेणी (बैलांच्या पाठीवरून मालवाहतूक) करणारा आमचा समाज रस्त्यावर आला. तांड्यावरच्या माणसाकडे संशयाने पाहिले जाई. अशा काळात गहुलीच्या नायकाच्या (तांड्याच्या प्रमुखाच्या) घरातला मुलगा नागपूरला जाऊन वकील होतो, १९४१ साली नागपूरच्या घाटे कुटुंबातील वत्सलाबाईंशी दोन्ही बाजूंचा विरोध पत्करून आंतरजातीय विवाह करतो आणि ५० वर्षांचा होताच राज्याचा मुख्यमंत्री होतो. ज्यांनी त्यांना निरुपद्रवी मानले त्यांनी तसे मानले असेल. माझ्या आजोबांसाठी ती घटना अशी होती की त्यानंतर त्यांनी तालुक्याच्या कचेरीत पायरीवर बसणे सोडले आणि आत जाऊन उभे राहू लागले.

आणि तरीही मी आंधळी भक्ती करणार नाही. आमच्या तांड्यावरची माणसे आजही दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. साखरेला पाणी मिळाले आणि आम्हाला कोयता मिळाला. गोदावरी_डावा_कालवा यांनी जे लिहिले त्याची किंमत तांड्याने मोजली आहे.

माहीमची खाडी

@लेंगी, आपला प्रतिसाद वाचल्यावर माझ्या पहिल्या प्रतिसादातील शेवटचे वाक्य मला अपुरे वाटू लागले आहे. गिरणगावाबद्दलचा माझा आक्षेप कायम आहे आणि तो मी मागे घेत नाही. परंतु एकाच माणसाच्या कारभारात माझ्या वडिलांनी दिवा लावला नाही आणि आपले आजोबा कचेरीत उभे राहिले, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

पूसकाठ

सर्वांचे ऋण मानतो. मी प्रश्न "कर्तबगारी की सोय" असा विचारला होता, पण धागा वाचताना जाणवले की माझा खरा प्रश्न दुसरा, शिल्लक काय हा होता. जिल्हा परिषद, चार विद्यापीठे आणि रोजगार हमी ही त्यांची कामे अजून चालू आहेत. त्यांतल्या प्रत्येकाला नंतरच्या लोकांनी कितीही दुबळे केले तरी ती मोडलेली नाहीत. पाण्याचे वाटप त्यांनी बदलले नाही आणि तेही अजून तसेच चालू आहे. मी या दोन्ही गोष्टी यापुढे १ जुलैच्या आमच्या गावातल्या कार्यक्रमात बोलून दाखवणार आहे.

मांजराकाठच्या ताई, एक विचारायचे राहिले. आपल्या आईने काम केलेला तो पाझर तलाव अजून आहे का?

मांजराकाठची

आहे. बरीच वर्षे गाळाने भरला होता, उन्हाळ्यात मुले त्यात क्रिकेट खेळत. तीन वर्षांपूर्वी गावकऱ्यांनी वर्गणी काढून गाळ उपसला आणि तो शेतांत टाकला. खालच्या बाजूच्या विहिरींना आता मार्चपर्यंत पाणी असते. भरावाचे दगड मात्र जुनेच आहेत.